एका रेघेखालचे दोन गंधार: बंदिश श्रुतींसह कशी लिहावी?

प्रश्न थोडक्यात असा. मंगळवार पेठेतल्या एका गाणं शिकणाऱ्या तरुणाला आपल्या गुरुजींच्या चाळीसेक बंदिशी श्रुतींसह, म्हणजे एकाच स्वराच्या बारीक चढ्या-उतऱ्या जागा दाखवून, लिहून छापायच्या आहेत. दरबारी, तोडी, भीमपलासी या तिन्ही रागांतला गंधार (ग) स्वरलेखनाच्या भातखंडे पद्धतीत एकाच चिन्हानं लिहितात, अक्षराखाली आडवी रेघ मारून: ग॒. गळ्यातून मात्र हे तीन गंधार एक येत नाहीत. या तरुणानं विचारलंय, "बावीस श्रुतींना बावीस चिन्हं तयार करू, की प्रत्येक स्वरावर सेंटचे आकडे घालू? आणि कंप्युटरवर हे बसवायचं कसं?"

दोन्ही करू नका. कारण सांगते, आणि त्याऐवजी काय करावं तेही सांगते. कोल्हापुरात गाणं शिकवता शिकवता वह्या लिहिण्यात आणि प्रूफं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी हिशोब समजून घेऊ. सा आणि प अचल. उरलेल्या दहा स्वरांच्या प्रत्येकी दोन जागा, एक उतरी आणि एक चढी. दहा दुणे वीस आणि दोन, झाल्या बावीस. प्रत्येक जोडीतलं अंतर साधारण २२ सेंट, म्हणजे ८१/८० या गुणोत्तराइतकं. सप्तकाचे १२०० भाग पाडून स्वर मोजायची ही सेंटची रीत अलेक्झांडर एलिस यांनी १८८० च्या दशकात रूढ केली. कोमल गंधार एकदा ३२/२७ वर येतो, म्हणजे २९४ सेंट, आणि एकदा ६/५ वर, म्हणजे ३१६ सेंट. तुमचा सा १४० हर्ट्झवर असेल, तर हे दोन गंधार १६६ आणि १६८ च्या आसपास पडतील. कागदावर दोनच हर्ट्झ. पण तंबोरा चालू असताना ते दोन हर्ट्झ चुकले, की समोर बसलेल्या जाणकाराची मान हलायची थांबते.

बावीस चिन्हं का नकोत? कारण तुमचा वाचक भातखंडे पद्धत वाचतच लहानाचा मोठा झालाय. ग॒ दिसला की त्याचा गळा आपोआप कोमल गंधारावर जातो. त्याला बावीस नवी चिन्हं दिलीत, तर तो चिन्ह ओळखेपर्यंत सम निघून जाते. इथल्या बैठकीची एक साधी गोष्टही लक्षात घ्या. आपण नोटेशनची वही स्टँडवर लावत नाही, ती मांडीपुढे सतरंजीवर किंवा पेटीच्या भात्याला टेकून असते. डोळ्यापासून अडीच-तीन फूट. तिथून रेघेची लांबी, रेघा एक की दोन, टिंब की छोटं वर्तुळ हे काही कळत नाही. अतिकोमलासाठी, म्हणजे नेहमीच्या कोमलाहून उतऱ्या स्वरासाठी, दोन रेघा मारायची युक्ती पुष्कळांना सुचते, मलाही सुचली होती. वहीची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, आणि मग मोबाईलवर काढलेला फोटो, एवढा प्रवास झाला की दोन रेघांची एक जाड रेघ होते. तुमच्या गुरुजींच्या बंदिशी पुढे ज्यांच्याकडे जातील, त्यांच्याकडे त्या बहुतेक अशाच जातील. त्याचा विचार चिन्ह ठरवतानाच करायला हवा.

सेंटचे आकडे का नकोत, हे जास्त महत्त्वाचं आहे. नझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली हिंदुस्थानी कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांतले स्वर मोजले. तोच राग, तोच स्वर, पण तो वेगवेगळ्या कलाकारांकडे एका जागी नव्हता, आणि एकाच कलाकाराकडेही हलत होता. यात नवल नाही. दरबारीचा गंधार हा टिंब नाहीच. मध्यमाला शिवून खाली येतो, तिथे झुलतो, पुन्हा शिवतो आणि रिषभावर उतरतो. त्या झुल्यातल्या कुठल्या क्षणाचा आकडा लिहाल? प्रात या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गुरुजींचं ध्वनिमुद्रण टाकून आलेख जरूर पाहा. कान जिथे सैल पडतो, तिथे डोळ्याला दिसतं. पण तो आलेख तुमच्या अभ्यासासाठी ठेवा, बंदिशीच्या पानावर त्याला जागा नाही.

मग लिहायचं काय? माझं उत्तर एका वाक्यात: स्वराची जागा लिहू नका, त्याचं नातं लिहा.

हे कानानं पाहायचं असेल तर मिरजेचा चांगली जवारी काढलेला, म्हणजे घोडीवर तार नीट बसवून नाद गुंजता केलेला, तंबोरा घ्या. प आणि सा लावा, पाच मिनिटं फक्त छेडत राहा. खर्जाच्या तारेतून हळूहळू एक गंधार वर येतो, कोणी न गायलेला. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तो ५/४, म्हणजे ३८६ सेंट. आता पेटीवर शुद्ध गंधार दाबा. पेटीचा गंधार ४०० सेंटवर. सा २४० धरला, तर तंबोऱ्याचा गंधार ३०० आणि पेटीचा ३०२.४. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज फुगतो आणि बसतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या महिन्यात हे ऐकवते, आणि ज्याला ते लाट येणं ऐकू येतं, त्याला श्रुती म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

या गंधाराचे सोबती आहेत. त्याच्यापासून मध्यम भावानं, म्हणजे सा ते म एवढ्या अंतरानं, वर गेलात की ध मिळतो, ५/३, हा उतरा धैवत. पंचम भावानं, म्हणजे सा ते प एवढ्या अंतरानं, गेलात की नि, १५/८. त्या नीपासून पुन्हा पंचम भावानं म॑, ४५/३२. ही झाली गंधाराची माळ. दुसरी माळ सरळ षड्जातून निघते. पंचम भावानं वर चढत गेलं की प, मग रे ९/८, मग चढा ध २७/१६, मग चढा ग ८१/६४. तिचंच उलटं टोक मध्यमातून खाली उतरतं: म, मग नि॒ १६/९, मग ग॒ ३२/२७, मग ध॒ १२८/८१. आपण ज्यांना अतिकोमल म्हणतो, ते या टोकावर आहेत. तिसरी माळ चढ्या कोमलांची: ग॒ ६/५, नि॒ ९/५, ध॒ ८/५. ती ओळखायची खूण सोपी आहे. तो ग॒ क्षणभर सा मानून पाहा, तंबोऱ्यातला प त्याचा स्वयंभू गंधार होऊन बसतो. तसा बसला तर गंधार तिसऱ्या माळेतला. प जरा चढा, टोचरा वाटला तर गंधार उतरा आहे.

याचा लिखाणाला उपयोग असा, की स्वर रागात एकटे येत नाहीत. रागात जिथे विस्तारानं थांबायचं असतं, तिथले स्वर बहुतेक एका माळेतले, जोडीनं असतात. उतरा ग॒ असेल तर त्याच्याशी पंचम भावात राहणारा नि॒ही उतराच हवा, नाहीतर मंद्र नीवरून गंधारावर येताना खटका लागतो. म्हणजे प्रत्येक स्वरावर चिन्ह मारत बसायची गरजच नाही. कोणती जोडी, हे एकदा सांगितलं की काम झालं.

म्हणून मी प्रत्येक बंदिशीच्या डोक्यावर एक पट्टी लिहिते. दरबारीची पट्टी अशी: "ग॒–नि॒ जोडी उतरी. ध॒ त्यांच्याच माळेतला. ग॒ म चा कण घेऊन आंदोलित, ध॒ नि॒ चा कण घेऊन आंदोलित. रे प शी जुळता." (कण म्हणजे दुसऱ्या स्वराचा निसटता स्पर्श, आंदोलित म्हणजे हळू झुलता.) त्याखाली गुरुजींचा राग लिहिताना सा कोणता धरला ते, म्हणजे काळी एक, पांढरी चार, जे असेल ते. बस्स. खाली बंदिश नेहमीच्या भातखंडे पद्धतीत, एकही नवं चिन्ह नाही. ज्याला पट्टी वाचायची नाही, त्याला बंदिश तरी वाचता येते. ज्याला पट्टी कळते, त्याच्यासाठी तेच पान दुप्पट बोलतं.

बंदिशीच्या पोटात चिन्ह फक्त एकाच वेळी येतं: पट्टीत सांगितलेल्यापेक्षा वेगळा स्वर एखाद्या जागी लागला तर. तिथे मी अक्षराच्या उजव्या पायाशी एक छोटी तिरकी टिचकी मारते. खाली झुकलेली म्हणजे उतरा, वर उठलेली म्हणजे चढा. ग॒ˎ, ध ˏ अशी. आपण बोलतानाही चढा-उतराच म्हणतो, त्यामुळे मुलांना ती शिकवावी लागत नाही. चाळीस बंदिशींत अशा टिचक्या पन्नास-साठच्या वर गेल्या, तर तुमच्या पट्ट्या चुकल्यात असं समजा आणि पुन्हा ऐकायला बसा.

टिचकी उजव्या पायाशीच का, याला कारण आपली लिपी. भातखंडे पद्धतीत अक्षराच्या वर तार सप्तकाचं टिंब, तीव्र मध्यमाची उभी रेघ, कण, मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) कमान. खाली मंद्राचं टिंब, कोमलाची रेघ, मात्रेचा अर्धचंद्र. त्यात 'रे'ला डोक्यावर मात्रा आणि 'नि'ला वेलांटी. मंद्र सप्तकातला कोमल रे लिहून पाहा: वर मात्रा, खाली टिंब, रेघ, आणि दोन स्वर एका मात्रेत असतील तर अर्धचंद्रही. वर-खाली जागाच उरलेली नाही. स्वरलेखनाच्या दुसऱ्या, पलुसकर पद्धतीचा वाचकही इथे गोंधळतो, कारण तिथे टिंब वर म्हणजे मंद्र आणि उभी रेघ वर म्हणजे तार. मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे आपल्या भागात दोन्ही पद्धतींचे वाचक आहेत. वर एखादं नवं उभं चिन्ह दिलंत, तर अर्ध्यांना ते तार सप्तक वाटेल. अक्षराची बाजू दोन्ही पद्धतींत मोकळी आहे.

दुसऱ्या देशांनी हे कसं सोडवलं, तेही पाहण्यासारखं आहे. पाश्चात्त्य लिपीत पाव स्वरासाठी नेहमीच्या शार्पच्या, म्हणजे स्वर चढवायच्या चिन्हाच्या, दोन उभ्या रेघांऐवजी एक रेघ ठेवतात, पाऊण स्वरासाठी तीन. ओळखीच्या चिन्हातच थोडा बदल, आकारावरून माप कळतं. तत्त्व उत्तम, पण त्यांचा पाव स्वर ५० सेंटचा, आपल्या २२ सेंटच्या गोष्टीला तो लागू नाही. आपल्याला जवळचे तुर्क. ते सप्तकाचे ५३ कोमा मानतात, एका पूर्ण स्वरात नऊ, आणि एक, चार, पाच, आठ कोम्यांसाठी वेगवेगळी चिन्हं वापरतात. एक कोमा जवळजवळ आपल्या चढ्या-उतऱ्या अंतराइतकाच. आणि तरीही उश्शाक नावाच्या मकामात (मकाम म्हणजे त्यांचा राग) दुसरा स्वर ते लिहितात त्याहून उतरा वाजवतात. तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते गुरूकडून कळतं. इतकी बारीक लिपी असूनही नेमका तो हळवा स्वर कागदाच्या बाहेरच राहिला. आपल्या दरबारीचं तेच आहे, म्हणून पट्टीत "म चा कण घेऊन आंदोलित" हे शब्दांत लिहायला मी अजिबात कचरत नाही. जिथे शब्द चिन्हापेक्षा नेमका आहे, तिथे शब्दच लिहावा.

आपल्याकडेही हा प्रयत्न जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींची गणितं मांडली. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्यासोबत काम केलं आणि श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची संवादिनी प्रत्यक्षात आणली. या सगळ्यांचं काम वाद्याच्या बाजूनं आहे, आणि ते मोठं आहे. वाद्यावर स्वराला एक जागा द्यावीच लागते. गळ्यासाठी लिहिताना ती सक्ती नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवानं सांगते. ज्याला आपण श्रुतीचा फरक म्हणतो, त्यातला मोठा भाग कण आणि मींड नीट लिहिली की आपोआप सुटतो. मुलगा म चा कण घेऊन ग॒ वर आला आणि रे कडे सुटला, की गंधार स्वतःच योग्य जागी पडतो. तोच ग॒ रे वरून उडी मारून घेतला, तर कितीही टिचक्या मारा, तो भीमपलासीसारखा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कण, मग मींड, मग न्यास, म्हणजे थांबायची जागा, कुठे ते, आणि हे सगळं झाल्यावर श्रुती. भूप आणि देशकाराचं पाहा. दोन्हींत सा रे ग प ध तेच. देशकाराचा धैवत चढा म्हणतात, तो रिषभाच्या माळेतला. भूपाचा स्वयंभू गंधाराशी जुळणारा. पण नुसता "ध चढा" लिहून देशकार होत नाही. धैवतावर ठाण मांडणं आणि उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, राहणं लिहिलं नाही, तर कागदावर भूपच राहतो. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी राहिल्यामुळे जयपूर-अत्रौलीची गायकी या गावात रुजली. तुमचे गुरुजी त्या वळणाचे असतील, तर आकारातल्या लांब, सलग तानांचं तुकड्यातुकड्यांत नोटेशन करूच नका. मुखडा, स्थायी, अंतरा लिहा आणि चलनाच्या चार-पाच ओळी द्या.

आता कंप्युटर. इथे मी मोठी किंमत देऊन शिकले आहे. काही वर्षांपूर्वी एका छापखान्यात एक छोटी पुस्तिका छापायला दिली. माझी फाईल जुन्या फॉन्टमध्ये होती, कोमल स्वर अधोरेखित करून दाखवलेले, तीव्र मध्यमाची रेघ वेगळी काढलेली. तिथे त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. शेवटचं प्रूफ मी शब्दांसाठी वाचलं, स्वरांसाठी वाचलं नाही. पुस्तिका हातात आली तेव्हा तोडीची बंदिश सा रे ग म प ध नि अशी, सगळी शुद्ध. अधोरेखन ही सजावट होती, मजकुरासोबत ती आलीच नाही. मी आणि पाच-सहा विद्यार्थ्यांनी दोन संध्याकाळी बसून प्रत्येक प्रतीत हातानं रेघा मारल्या. एका मुलीनं तर प्रत्येक पान गुणगुणत रेघा मारल्या, आणि दोन ठिकाणी माझ्या मूळ वहीतली चूकही पकडली.

म्हणून चिन्ह हे अक्षराचा भाग हवं, सजावट नको. युनिकोडच्या देवनागरीत वेदपठणासाठी अनुदात्ताची खालची आडवी रेघ आहे, क्रमांक ०९५२, आणि वरची उभी रेघ ०९५१. पहिली आपला कोमल, दुसरी आपला तीव्र मध्यम: ग॒, म॑. व्हॉट्सॲपवर पाठवा, ईमेलमध्ये चिकटवा, रेघ अक्षरासोबतच जाते. तार सप्तकाला अनुस्वार, मंद्राला नुक्ता. मंद्र रे लिहिताना होणारं अक्षर म्हणजे 'दुसऱ्या'तलाच ऱ, पण छपाईला त्यानं काही बिघडत नाही. वर ज्या टिचक्या दाखवल्या, त्या ०२सीई आणि ०२सीएफ. ही स्वतंत्र चिन्हं आहेत, अक्षराला चिकटत नाहीत, त्यामुळे 'नि'ची वेलांटी किंवा 'रे'ची मात्रा हलत नाही. सगळ्या फॉन्टांत हे आकार नसतात. आधी चाचणीचं पान छापून पाहा, आणि प्रेसला पीडीएफ द्या, फॉन्ट त्यातच बसवून. सामवेदाच्या संहितेत अक्षरांवर आकडे लिहायची जी रीत आहे, तिच्यासाठीही युनिकोडमध्ये देवनागरी आकडे आहेत. मोह होतो, कारण तीच आपली जुनी स्वरलिपी. पण ते आकडे नीट बसवणारे फॉन्ट फारच थोडे, आणि 'रे'वर ते मात्रेला जाऊन भिडतात.

मात्रा जुळवायला स्पेस देत बसू नका. सरळ टेबल करा, एक मात्रा एक खाना, त्रितालाला सोळा. वर स्वर, मध्ये बोल, खाली ताल. खाना रिकामा राहिला तरी चालेल, सरकला तर चालणार नाही. अक्षर सोळा पॉइंटच्या खाली आणू नका, सतरंजीवरचं अंतर आठवा.

सुरुवात पाच बंदिशींपासून करा: दरबारी, तोडी, भीमपलासी, भूप, देशकार. पट्ट्या लिहा आणि पानं दुसऱ्या गुरूंकडे शिकणाऱ्या कोणाला तरी द्या. ध्वनिमुद्रण देऊ नका. तंबोरा लावून त्यांना गायला सांगा आणि तुम्ही गुरुजींसोबत बाजूला बसा. जिथे गुरुजी बोट वर करतील, तिथे पानावर पेन्सिलनं खूण करा. खुणा पट्टीशी जुळत असतील, तर चूक गाणाऱ्याची. एकाच जागी दोन-तीन जणांकडून खूण आली, तर चूक तुमच्या पट्टीतली, आणि बहुतेक वेळा ती श्रुतीची नसून लिहायच्या राहिलेल्या एखाद्या कणाची असते. ही पाच पानं तीनदा झेरॉक्स करून पुन्हा एकदा वाचायला द्या. उरलेल्या पस्तीस बंदिशींना त्यानंतरच हात लावा.